ज्येष्ठांच्या पायाचे धावरे: औषध संपल्यानंतर काय करावे?

कोकणवाट

नमस्कार. पायाच्या त्वचेला होणारा जंतुसंसर्ग, ज्याला डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात आणि आमच्या सिंधुदुर्गात जुनी माणसे सरसकट धावरे म्हणतात, त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. घरात साठी-सत्तरीपुढची माणसे असणाऱ्या अनेकांना हा आजार कधी ना कधी भेटतो, पण त्याबद्दलची माहिती बहुधा आजारपणाच्या गडबडीतच आणि तुकड्या-तुकड्यांनी मिळते.

आमच्या सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि दोन्ही घोटे संध्याकाळपर्यंत थोडे सुजतात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप आला, उजव्या जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आले, पण पाय मात्र तेव्हा दिसायला अगदी ठीक होता. त्यामुळे सगळ्यांच्या मनात मलेरिया आणि लेप्टोच (लेप्टोस्पायरोसिस) आले. दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या नडगीवर तांबूस-जांभळट पट्टा उमटला, कातडी ताणून चकाकू लागली आणि हात लावल्यावर तो पाय डाव्या पायापेक्षा स्पष्ट गरम लागू लागला. रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविके दिली, त्या बऱ्या होऊन घरी आल्या. दिवाळीनंतर त्याच पायाला पुन्हा तेच झाले.

दुसऱ्या वेळी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवले, त्यांनी नडगीकडे फार वेळ पाहिलेच नाही. त्यांनी टॉर्च घेतला आणि पायाची बोटे एकेक करून फाकवली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजून फुगलेली होती आणि तळाशी एक बारीक, लालसर चीर होती. सासूबाईंना तिथे काहीच दुखत नव्हते. "जंतू इथून आत शिरतात, आणि हे दार उघडे असेपर्यंत ते पुन्हा येणार," असे त्या म्हणाल्या. पहिल्या वेळी घरी सोडताना दिलेल्या कागदावर गोळ्यांची नावे होती, साखरेचे आकडे होते, पण बोटांच्या बेचक्यांबद्दल एक शब्दही नव्हता. मला या धाग्यात नेमके तेच बोलायचे आहे. ताप उतरला आणि गोळ्या संपल्या की आजार संपला असे आपण धरतो, पण खरे काम तेव्हा सुरू होते असे माझे आता ठाम मत झाले आहे. जाणकारांनी भर घालावी.

फॅमिलीडॉक्टर

अतिशय गरजेचा धागा. मी सातारा जिल्ह्यात जनरल प्रॅक्टिस करतो आणि जून ते ऑक्टोबर या काळात असे पाय माझ्याकडे सतत येतात. थोडी पार्श्वभूमी सांगतो.

सेल्युलायटिस हा त्वचेच्या खालच्या थराचा आणि त्याखालील चरबीच्या थराचा संसर्ग आहे. त्वचेच्या वरच्या थरात आणि तिथल्या लसिकावाहिन्यांत (लिम्फ वाहणाऱ्या बारीक नळ्यांत) तो झाला तर त्याला एरिसिपेलास म्हणतात, आणि त्यात लाल भागाची कड उंच व रेखीव दिसते. दोन्हींमागे बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस गटाचे जंतू असतात. पू झालेला असेल, गळू किंवा जखम असेल, तर स्टॅफिलोकोकस ऑरियसची शक्यता वाढते. हे जंतू निरोगी माणसाच्या त्वचेवर आणि आसपासही असतात, परंतु अखंड त्वचा त्यांना आत येऊ देत नाही. त्यांना चीर लागते. चिखल्या (बोटांच्या ओल्या बेचक्यांतली बुरशी), टाचांच्या भेगा, खाजवून झालेले ओरखडे, शिरांच्या विकारामुळे झालेली न भरणारी जखम, नखाच्या कडेची इजा, यांपैकी काहीही पुरते.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. प्रत्येक झटक्यात त्या पायातील लसिकावाहिन्यांचे थोडे नुकसान होते. या वाहिन्या ऊतींमधील जादा द्रव परत वाहून नेतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशींची ये-जाही त्यांतूनच होते. त्या निकामी झाल्या की सूज राहते, सुजलेल्या पायात संसर्ग लवकर धरतो, आणि त्या संसर्गाने वाहिन्या आणखी बिघडतात. म्हणूनच ज्याला एकदा सेल्युलायटिस झाला त्याला तो पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, आणि तोही बहुधा त्याच पायाला.

आधी ताप आणि मग पाय लाल, हा क्रम तुम्ही अचूक टिपला आहे. थंडी-ताप काही तास ते एक दिवस आधी येऊ शकतो. याउलट फार वृद्ध रुग्णांत अनेकदा ताप येतच नाही, माणूस नुसता सुस्त होतो, जेवण टाकतो, असंबद्ध बोलू लागतो किंवा तोल जाऊन पडतो. असे अचानक झाले तर लघवी आणि छाती तपासण्याबरोबर पायातले मोजे काढून पाऊल पाहण्याची सवय घरच्यांनी आणि आम्ही डॉक्टरांनीही लावून घ्यायला हवी. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली पुस्तकातल्या चित्रासारखी दिसत नाही, ती जांभळट किंवा नुसती काळपट दिसते. तेव्हा डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवावा: दोन्ही पायांवर एकाच वेळी तळहाताची मागची बाजू ठेवून उष्णता ताडून पाहावी.

वैनगंगाकाठ

भंडारा जिल्ह्यातून लिहितो आहे. आमच्याकडे या विषयाला हत्तीपायाची जोड आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात क्यूलेक्स डासांमुळे पसरणारा हत्तीरोग पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्यातला कृमी लसिकावाहिन्यांतच ठाण मांडतो. आमच्या घरात मोठ्या काकांचा पाय असा होता. त्यांना अधूनमधून थंडी-ताप येऊन पाय लाल व्हायचा, आणि घरातले सगळे "हत्तीरोगाचा ताप आला" असे म्हणून कृमींवरच्या डीईसी गोळ्यांची चौकशी करत. प्राथमिक आरोग्य केंद्रातील आरोग्यसेविकेने समजावून सांगितले की हे तीव्र झटके कृमीमुळे नव्हे, तर त्वचेतून शिरणाऱ्या जंतूंमुळे येतात, त्यामुळे त्या वेळी डीईसीचा उपयोग नसतो.

सरकारी कार्यक्रमात अशा रुग्णांना एक संच मिळतो. त्यात टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असते. सेविकेने स्वतः बसून काकांचा पाय धुऊन दाखवला होता. साधे, गार किंवा कोमट पाणी, अंगाचा साबण, वरून खाली हलक्या हाताने धुणे, कातडीच्या प्रत्येक घडीत आणि बोटांच्या मधे बोट घालून साबण काढणे, आणि नंतर मऊ फडक्याने न घासता टिपून कोरडे करणे. हे रोज सुरू झाल्यावर काकांचे झटके पुष्कळ कमी झाले. पायाचा आकार काही फारसा बदलला नाही, पण सतत अंथरूण धरणारा माणूस पुन्हा पारावर जाऊन बसू लागला. ज्यांना हत्तीरोग नाही, नुसती सूज आहे, त्यांनाही हीच पद्धत लागू पडावी असे वाटते. डॉक्टरसाहेबांनी खुलासा करावा.

फॅमिलीडॉक्टर

वैनगंगाकाठ, पूर्णपणे लागू पडते. पाय धुणे, कोरडा करणे, चिरा-बुरशी बरी करणे आणि पाय उंच ठेवणे, हीच या रोगातील निगेची मूळ सूत्रे आहेत, सूज कोणत्याही कारणाची असो. एकच जपावे: मधुमेहींचा पाय टबात बराच वेळ भिजत ठेवू नये, आणि पाण्याची उष्णता रुग्णाच्या पायाने नव्हे तर घरच्या दुसऱ्या कोणाच्या कोपराने पाहावी. संवेदना कमी झालेल्या पायाला गरम पाण्याचा शेक देऊन फोड आलेले रुग्ण मी दरवर्षी पाहतो, आणि तो फोड हेच जंतूंचे नवे दार ठरते.

सांजपक्षी

माझी आई भातलावणीच्या दिवसांत अजूनही शेतात उतरते. तिच्या चिखल्यांवर गावातल्या दुकानातून आणलेले एक मलम लावले जाते, ज्याने खाज दोन दिवसांत थांबते. टाचांच्या भेगांना ती कोकमाचे तेल लावते आणि फार झाले तर बिब्बा घालते. यातले काय चालू ठेवावे?

फॅमिलीडॉक्टर

कोकमतेल खुशाल लावावे. टाच मऊ राहिली तर भेग पडत नाही, फक्त ते बोटांच्या बेचक्यात लावू नये, कारण तिथे ओलावा नको असतो. बिब्बा मात्र पूर्ण बंद करावा. बिब्ब्याच्या रसाने कातडी अक्षरशः भाजते, फोड येतात, आणि पायाला सूज असलेल्या वृद्ध बाईला ते परवडणारे नाही.

मलमाची नळी एकदा वाचून पाहा. खाज झटपट थांबवणाऱ्या अनेक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड असते. खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि कातडी पातळ होते. नुसते क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन असलेले मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने, खाज गेल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे. शेतातून आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या मधे सुती फडके फिरवून, मग कोरड्या चपला घालाव्यात. रात्री बेचक्यांना वारा लागू द्यावा.

आणखी एक विनंती. लाल झालेल्या पायावर गेरू, काव, हळद, रक्तचंदन यांचा लेप लावून रुग्ण आणतात. लेपाच्या रंगाखाली लालीची कड हरवते, फोड आहेत का ते दिसत नाही, आणि धुताना दुखऱ्या कातडीला उगाच त्रास होतो. लेप लावण्याची श्रद्धा समजू शकते, पण आधी पाय दाखवा.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये आईवडील आमच्याजवळ राहतात आणि वडिलांना हा आजार झाला होता, म्हणून इथली पद्धत सांगतो. इथल्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढली आणि रेघेशेजारी वेळ लिहिली. वडिलांना ते विचित्र वाटले, पण आम्हाला त्याचा फार आधार झाला. दर काही तासांनी "वाढले का, कमी झाले का" यावर घरात जे वाद होतात ते थांबले. लाली रेघेच्या आत सरकते आहे की बाहेर, हे कोणालाही दिसत होते.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2019 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही अशी रेघ ओढण्याचा विचार करावा असे म्हटले आहे. साध्या सेल्युलायटिससाठी तीत 5 ते 7 दिवसांची तोंडावाटे प्रतिजैविके सुचवली आहेत, पहिली निवड फ्लुक्लोक्सासिलिन. आमच्या ओळखीच्या भारतीय मंडळींत "शिरेतून औषध नाही म्हणजे नीट इलाज नाही" असा समज दिसतो. वडील गोळ्यांवरच बरे झाले. मात्र मला एक विचारायचे आहे. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी लाली रेघेबाहेर थोडी गेली होती. हे असे होते का?

फॅमिलीडॉक्टर

होते. औषध सुरू झाल्यावर पहिल्या 24 ते 48 तासांत लाली थोडी वाढलेली दिसू शकते, कारण मेलेल्या जंतूंमुळेही दाह होतो. त्या काळात ताप उतरतो आहे का, ठणका कमी होतो आहे का, माणूस जेवतो-बोलतो आहे का, हे अधिक महत्त्वाचे असते. 48 ते 72 तासांत काहीच सुधारणा नसेल तर परत दाखवावे. संसर्ग गेल्यावरही पायाची सूज आणि काळपटपणा काही आठवडे राहू शकतो, वरची कातडी सोलवटून निघते. ती पाहून घाबरून पुन्हा प्रतिजैविके सुरू करू नयेत.

आता ज्याला थांबायचे नाही ते सांगतो. दिसणाऱ्या लालीच्या मानाने वेदना फारच जास्त असणे, तासातासाला लाली पसरणे, कातडी काळी-निळी पडणे, काळसर पाण्याचे फोड येणे, दुखणाऱ्या जागेची संवेदना जाणे, रक्तदाब उतरणे किंवा रुग्ण बरळू लागणे, यांपैकी काहीही दिसले तर तो नेक्रोटायझिंग फॅसायटिस असू शकतो. त्यात आतली ऊती झपाट्याने मरते आणि केवळ औषधाने भागत नाही, तातडीने शस्त्रक्रिया करून मेलेला भाग काढावा लागतो. अशा वेळी रात्र काढू नये, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे. किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी एक जोड: खाऱ्या पाण्यात किंवा मासे साफ करताना जखम होऊन पाय-हात लाल झाला असेल, आणि विशेषतः रुग्णाला यकृताचा विकार असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण तिथले जंतू वेगळे आणि अधिक आक्रमक असू शकतात.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरे. वृद्धांना, त्यातही मूत्रपिंड अशक्त असताना, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने देऊ नये.

पेठेतला

आमच्या आजोबांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली लाल होते आणि त्यांना वर्षभरात अनेकदा प्रतिजैविके दिली गेली. शेवटी निदान वेगळेच निघाले. म्हणून विचारतो, चूक कशी टाळावी?

फॅमिलीडॉक्टर

फार चांगला मुद्दा. दोन्ही पाय एकाच वेळी सारखेच लाल असतील तर तो सेल्युलायटिस असण्याची शक्यता कमी असते. शिरांतून रक्त नीट वर न गेल्याने होणारा त्वचादाह हे अशा वेळी नेहमीचे कारण असते. त्यात ताप नसतो, खाज अधिक असते, कातडी खवलेदार व तपकिरी असते आणि हे महिनोन्‌महिने चालते. रुग्णाला आडवे करून पाय एक-दोन मिनिटे उंच धरला आणि लाली बरीचशी ओसरली, तर ती संसर्गाची नसावी. परदेशातील अभ्यासांत सेल्युलायटिस म्हणून दाखल झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांशांचे निदान चुकलेले आढळले आहे, तेव्हा हा प्रश्न लहान नाही. पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी आहे का हे डॉपलर तपासणीने पाहावे लागते. घोट्याचा किंवा अंगठ्याचा सांधाच लाल असेल तर गाऊट (यूरिक अ‍ॅसिडमुळे होणारी सांध्याची सूज) आठवावा. आणि कोकणवाट, तुम्ही रक्तदाबाच्या गोळीचा उल्लेख केलात. ती अ‍ॅम्लोडिपिन असेल तर घोट्यांची सूज तिच्यामुळेही असू शकते. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना जरूर विचारा, कारण ती सूज कमी झाली तर पुढचा झटका टळण्यास मदत होईल.

कोकणवाट

गोळी तीच आहे. पुढच्या भेटीत विचारते. सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका राहतात. वारंवार होऊ नये म्हणून पेनिसिलिन दीर्घकाळ देतात असे वाचले, ते कितपत योग्य? आणि दाबाचे मोजे घालायला सांगितले आहेत, पण सासूबाई त्यांना तयार नाहीत. कोकणातल्या उकाड्यात त्यांचेही चुकते असे म्हणवत नाही.

फॅमिलीडॉक्टर

पहिल्या शंकेबद्दल. ब्रिटन व आयर्लंडमधील एक चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. पायाचा सेल्युलायटिस वारंवार होणाऱ्या 274 रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर पेनिसिलिनची 250 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिली. औषध चालू असताना 22 टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला, तर दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 37 टक्के होते. म्हणजे उपयोग नक्की होतो. पण औषध बंद झाल्यावर तो फायदा टिकला नाही. लठ्ठपणा किंवा आधीपासून सूज असणाऱ्यांत आणि अनेक झटके येऊन गेलेल्यांत तो कमीही दिसला. माझ्या मते वर्षात दोन किंवा अधिक झटके येत असतील, आणि चिखल्या, सूज, साखर या तिन्हींवर मेहनत घेऊनही ते थांबत नसतील, तर तज्ज्ञांशी बोलून हा मार्ग घ्यावा. आधी गोळी आणि निगा नंतर, हा क्रम मला पटत नाही.

पोटरीचे_बळ

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि लिम्फोडेमाच्या (लसिकावाहिन्या बिघडून येणाऱ्या सुजेच्या) रुग्णांबरोबर काम करते, म्हणून मोज्यांबद्दल लिहिते. ऑस्ट्रेलियातील एक चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. पायाला जुनी सूज असलेले आणि वारंवार सेल्युलायटिस होणारे 84 रुग्ण तिच्यात होते. दाबाचे उपचार घेणाऱ्यांपैकी 15 टक्क्यांना पुन्हा झटका आला, तर न घेणाऱ्यांत 40 टक्क्यांना. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. तेव्हा सासूबाईंना तयार करण्यासाठी घेतलेले कष्ट वाया जाणार नाहीत.

मात्र त्याआधी पायाच्या धमन्यांतील रक्तप्रवाह तपासून घेणे अत्यावश्यक आहे, मधुमेहींत तर नक्कीच. धमन्या अरुंद असतील तर घट्ट मोज्याने पायाला इजा होऊ शकते. लाली आणि ठणका चालू असताना मोजे घालू नयेत, ते शमल्यावर सुरू करावेत. माप सकाळी, सूज चढण्याआधी घ्यावे. औषधांच्या दुकानातून अंदाजाने "मोठा साइज" आणला की तो घोट्याशी सैल आणि गुडघ्याखाली करकचून बसतो, वरची कड गुंडाळली जाऊन वळ उठतो, आणि मग तो मोजा कपाटात जातो. बहुतेक वृद्धांची तक्रार उकाड्यापेक्षा या वळाची असते, तेव्हा सासूबाईंना नेमके कुठे काचते ते विचारून पाहा.

गुडघ्यापर्यंतचा, बोटे उघडी असलेला मोजा घ्यावा, म्हणजे बेचक्यांना हवा लागते आणि चिखल्याही रोज पाहता येतात. सकाळी सूज चढण्याआधी, पाय धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर तो चढवावा आणि रात्री काढावा. चढवताना घरच्या माणसाने रबरी हातमोजे घातले तर कापड सहज सरकते आणि नखे लागत नाहीत. पूर्ण दाब सहन होत नसेल तर कमी दाबाच्या मोज्याने सुरुवात करायला हरकत नाही, कपाटातल्या जास्त दाबाच्या मोज्यापेक्षा पायातला कमी दाबाचा मोजा केव्हाही चांगला. मे महिन्यात दुपारचे काही तास मोजा काढून, त्या वेळात पलंगावर आडवे होऊन पाय उशांवर कमरेपेक्षा उंच ठेवावा आणि घोटा वर-खाली हलवत राहावा. खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून टीव्हीपुढे डुलक्या घेणे तेवढे टाळावे. दोन जोड ठेवावेत, एक रोज धुऊन सावलीत वाळवावा, कारण उन्हात वाळवल्याने त्याचा ताण लवकर जातो. साधारण सहा महिन्यांनी मोजा सैल होतो, तेव्हा पायाचे माप पुन्हा घेऊनच नवा आणावा.